हळदीचें पेंव

मराठी माणसाच्या बोलण्यांत एक वाक्प्रचार नित्य येतो. गांवांत एखाद्या मालाचीं दुकानें एकाएकीं वाढलीं, किंवा निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांची गर्दी उसळली, म्हणजे त्यांचें ‘पेंव फुटलें’ असें म्हटलें जातें. बोलणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं पेंव कधीं पाहिलेलें नसतें. जमिनीच्या पोटांत खणलेलें, वरून बुजविलेलें आणि आंत धान्य भरलेलें कोठार म्हणजे पेंव. त्याचें तोंड मोकळें केलें कीं दडून राहिलेली सारी रास एकदम उजेडांत येते. त्यावरून हा वाक्प्रचार निघाला. वस्तु लोपावी आणि शब्द मागें उरावा, असें भाषेंत पुष्कळदां घडतें. परंतु सांगली, मिरज आणि कुपवाड यांच्या मुलखांत ही वस्तु कालपरवांपर्यंत नांदती होती. आणि तिच्यांत ज्वारी नव्हे, तर हळद भरली जात असे.

विज्ञान, यंत्रविद्या आणि समाज हीं एकमेकांना कशीं घडवितात, हा गेल्या अर्धशतकांत जगांतील अनेक विद्यापीठांतून स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर या दोघा पंडितांनीं १९८४ सालीं सायकलीचें उदाहरण घेऊन दाखवून दिलें कीं, आज दिसते त्या आकाराची सायकल कोणा एका शोधकाच्या डोक्यांतून उतरलेली नाहीं. उंच चाकाची सायकल धाडसी तरुणांना आवडली. स्त्रियांना व वयस्कांना ती पडण्याचें साधन वाटली. आणि या ओढाताणींतून तिचें रूप ठरत गेलें. असल्या विषयाला उदाहरणें नेहमीं विलायतेचीं घेतलीं जातात. कृष्णाकांठचें एक मातीचें कोठार त्या कामाला कमी पडेल असें मुळींच नाहीं. किंबहुना सायकलीपेक्षां तें अधिक बोलकें आहे. कारण सायकल अजून रस्त्यावर आहे, आणि पेंव मात्र बहुतांशीं बुजलें आहे. तें कां बुजलें, या प्रश्नाचें जें उत्तर सर्रास दिलें जातें, तें अर्धेंच खरें आहे.

सांगलीहून कृष्णेच्या कांठानें थोडें खालीं गेलें म्हणजे हरिपूर लागतें. येथें वारणा कृष्णेला मिळते. संगमावर संगमेश्वराचें देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचें गांव म्हणूनही मराठी रसिकांना हरिपूर ठाऊक असतें. पण व्यापाऱ्यांच्या तोंडीं हरिपूरचें नांव येई तें नाटकासाठीं नव्हे, तर मातीसाठीं. येथली माती घट्ट, चिकट आणि पिवळसर. खोल खणलें तरी ती ढासळत नाहीं, आणि वरचें पाणी सहसा आंत झिरपूं देत नाहीं. या मातींत माणूस कसाबसा उतरेल एवढेंच तोंड ठेवून खालीं वीस-पंचवीस फूट खणावयाचें, आणि जसजसें खोल जावें तसतसा घेर वाढवीत न्यावयाचा, अशी पेंवाची रीत. वरून पाहणाऱ्याला एक भोंक दिसे. आंत रांजणासारखें पोट असे. हरिपूर आणि सांगलवाडी या बाजूला अशीं पेंवें शेंकड्यांनीं होतीं.

भरण्याचेंही एक तंत्र होतें. प्रथम पेंव कोरडें आहे कीं नाहीं हें पारखून घेत. मग तळाला आणि भोंवतालच्या भिंतींना उसाच्या पाचटाचा व पाल्याचा जाड थर देत, त्यावर चटया लावीत, आणि मग हळद आंत सोडीत. ही हळद अर्थात् कच्ची नव्हे. शेतांतून काढलेले कंद काहिलींत शिजवून, दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळवून, त्यांचें टणक हळकुंड झालेलें असे. पुढें तें पिंपांत फिरवून चकाकीस आणलेलें असे. मोडतांना काडकन् आवाज झाला पाहिजे, ही वाळल्याची खूण. ओलसर हळद पेंवांत गेली तर साऱ्या राशीचा नाश होई. तेव्हां पेंव भरणाऱ्याच्या कानाला त्या एका आवाजाची पारख असावी लागे. पेंव गळ्यापर्यंत भरलें कीं पुन्हां पाचट, पुन्हां चटई, आणि मग माती घालून तोंड चेपून टाकावयाचें. त्यानंतर दोन वर्षें, चार वर्षें तिकडे पाहण्याचें कारण नाहीं. उघडल्यावर हळद किडलेली नसे आणि रंगही उतरलेला नसे.

हें कसें होई? मातीच्या अंगीं कांहीं औषधी गुण आहे, असें पूर्वीं समजत. खरें कारण निराळें आहे, आणि तें मोठें मौजेचें आहे. वाळलेल्या मालांतही थोडीबहुत धुगधुगी असते. त्यांतले सूक्ष्म जंतु, कोठें चुकून राहिलेला भुंगेरा, भोंवतालचें पाचट, खुद्द माती, हीं सारीं श्वासोच्छ्वास करीत असतात. तोंड बंद झाल्यावर आंतला प्राणवायु हळूहळू खर्च होतो, आणि उच्छ्वासांतून बाहेर पडणारा कर्बाम्ल वायु सांचत जातो. हा वायु हवेपेक्षां जड. तो पोटाच्या तळाशीं बसतो. प्राणवायूचें प्रमाण शेकडा दोन-तीनपर्यंत उतरलें कीं किड्यांना जगणें अशक्य होतें. म्हणजे किडा ज्या श्वासावर जगतो, त्याच श्वासानें तो मरतो. बाहेरून विष घालावें लागत नाहीं. रंग टिकण्याचें कारण याहूनही सोपें आहे. हळदीला पिवळेपणा देणारें जें द्रव्य, तें उजेडांत विटतें. पेंवांत उजेड नसतो. हें रंगद्रव्य रसायनज्ञांनीं १८१५ सालीं वेगळें काढलें आणि त्याची घटना १९१० च्या सुमारास उलगडली. पण तें अंधारांत राखावें एवढें हरिपूरच्या हमालाला त्यापूर्वींच कळून चुकलें होतें. कां राखावें, हें त्याला सांगतां आलें नसतें, हेंही तितकेंच खरें.

मात्र त्या जड वायूची दुसरी बाजूही त्यालाच ठाऊक होती. पेंव उघडल्याबरोबर आंत उतरणारा माणूस बेशुद्ध पडून मरूं शकतो. म्हणून तोंड मोकळें करून पेंव पुष्कळ वेळ तसेंच ठेवावयाचें, मग दोरीनें दिवा आंत सोडावयाचा. दिवा जळत राहिला तर उतरावयाचें. विझला तर थांबावयाचें. ही परीक्षा शास्त्रशुद्ध आहे. पण ती जो करी, त्याच्या जिवावर ती होती, आणि हळदीचा भाव कितीही चढला तरी त्या जिवाचा भाव त्याबरोबर चढत नसे. पेंवाचें कौतुक करणाऱ्या लेखांतून ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाहीं. जुन्या विद्येचा अभिमान धरणाऱ्यांनीं तो दिवा कोणाच्या हातीं असे, हेंही विचारावयास हवें.

आतां पेंवाचा दुसरा, न दिसणारा भाग. अक्षयतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनीं निघते, आणि शिजवून, वाळवून वसंत ऋतूंत बाजारांत येते. साऱ्या शेतकऱ्यांची हळद एकाच हंगामांत येते. भाव त्याच वेळीं पडतो. ज्याला थांबतां येईल त्याला पुढें भाव मिळतो. पण लावणीला घेतलेलें बियाणें, खत, मजुरी, काहिलीखालीं जाळलेलें सरपण या सर्वांचें देणें शेतकऱ्याच्या डोक्यावर असतें; त्याला थांबणें परवडत नाहीं. हळद त्याच्या हातून अडत्याकडे जाते, आणि थांबण्याचें काम व्यापारी करतो. म्हणजे पेंवांत केवळ हळद सांठविली जात नव्हती, तर वेळ सांठविली जात होती; आणि वेळ ज्याच्या मालकीची, त्याचाच नफा. माती सर्वांची होती, पेंव खणण्याची विद्या हमालाची होती, पीक शेतकऱ्याचें होतें. परंतु तीन वर्षें थांबण्याचें बळ एकट्या भांडवलांत होतें.

याच बळावर सांगलीची पेठ उभी राहिली. पटवर्धन संस्थानिकांची ही राजधानी १८०१ सालापासूनची. संस्थान १९४८ च्या मार्चांत मुंबई प्रांतांत विलीन झालें, तरी पेठेचें महत्त्व ओसरलें नाहीं. आसपासच्या गांवांची राजापुरी हळद तर येथें येईच, पण दूरच्या तेलुगु व कानडी मुलखांतूनही माल सांगलीस उतरे. जमिनींत पुरलेल्या मालाचा आणखी एक उपयोग व्यापाऱ्यांनीं हुडकून काढला. पेंव न उघडतां त्यांतला माल विकतां येतो! माल जागचा हालत नाहीं. कागद तेवढा या हातांतून त्या हातांत जातो. आज न दिसणाऱ्या मालाचा उद्यांचा भाव ठरविणें हेंच वायद्याच्या व्यापाराचें बीज, आणि हळदीचा वायदेबाजार सांगलींत भरभराटला याचें नवल वाटूं नये. बंद तोंडाचें पेंव हें त्या व्यापाराचें उत्तम तारण होतें. तें बंद असल्यामुळें कोणी चोरूं शकत नसे, कोणी भेसळ करूं शकत नसे. आणि आंत काय आहे याची खात्री म्हणजे तें भरणाऱ्या पेढीचें नांव. ज्या गांवांत सर्व सर्वांना ओळखतात, त्या गांवांत नांव पुरतें.

एवढ्यावरून लक्षांत येईल कीं पेंव ही केवळ जमिनींतली खळगी नव्हती. माती, वायु, पाचट, हमालाचा कान, शेतकऱ्याचें कर्ज आणि पेढीची पत, अशा साऱ्या गोष्टी एकमेकींना धरून होत्या, तोंवर तें पेंव होतें. यांतली एक सुटली असती, तरी उरली असती ती नुसती खळगी.

२००५ सालच्या जुलै-ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. पाणी हरिपूर आणि सांगलवाडीच्या जमिनींत शिरलें, आणि भरलेलीं पेंवें पाण्याखालीं गेलीं. वरचा पाऊस अडविणारी ती चिकट माती दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यापुढें हतबल झाली. आंतली हळद भिजली, फुगली, कुजली. कित्येक पेंवांच्या भिंतीच ढासळल्या. व्यापाऱ्यांचें नुकसान झालें, आणि त्याहून मोठी गोष्ट ही, कीं पेंवावरचा विश्वास गेला. पुढें २०१९ च्या ऑगस्टांत त्याहूनही मोठा पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची रेघ ही धोक्याची समजतात. १९२९ सालीं खुल्या झालेल्या या पुलानें पुष्कळ पूर पाहिले. त्या ऑगस्टांत पाणी धोक्याच्या रेघेच्या बारा-तेरा फूट वर चढलें होतें. पूर धरणांच्या पाण्यानें वाढतो, कीं नदीच्या पात्रांत झालेल्या बांधकामांनीं, कीं निव्वळ अतिवृष्टीनें, यावर या मुलखांत अजून कडाक्याचे वाद होतात. त्या वादांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं.

पुरानें पेंवें बुडविलीं, म्हणून पेंवांचा धंदा संपला, असें सर्व सांगतात. हेंच तें अर्धें उत्तर. कृष्णेला पूर पूर्वींही येत. बुजलेलीं पेंवें माणसें पुन्हां खणीत. या खेपेस खणलीं गेलीं नाहींत, याचें कारण नदींत नसून बाजारांत शोधावें लागतें. पुराच्या एकच वर्ष आधीं, २००४ सालीं, मुंबईच्या एका राष्ट्रीय वायदेबाजारांत हळदीचे वायदे यंत्रावर होऊं लागले होते. त्या बाजारांत घेणारा अहमदाबादेस, देणारा निजामाबादेस. एकानें दुसऱ्याचें तोंड कधीं पाहिलेलें नसतें. तेथें पेढीचें नांव पुरत नाहीं. माल मान्यताप्राप्त गोदामांत असला पाहिजे, त्याचा नमुना काढून ओलावा व रंग तपासला पाहिजे, पोतीं मोजतां आलीं पाहिजेत, विमा उतरला पाहिजे. बँकेचेंही तेंच म्हणणें. पुढें गोदामांच्या पावत्यांना तारण म्हणून मोल देणारा कायदा २००७ सालीं झाला. त्याचाही रोख मोजतां येणाऱ्या, पाहतां येणाऱ्या मालाकडेच आहे.

पेंवाचा सारा गुण त्याच्या बंद तोंडांत होता. तपासण्यासाठीं तें उघडलें कीं प्राणवायु आंत जातो, आणि उघडलेलें पेंव म्हणजे पेंवच नव्हे. ज्या बंदिस्तपणानें हळद वांचे, तोच बंदिस्तपणा विमेवाल्याला आणि बँकेला खुपूं लागला. पूर आला नसता, तरी पेंवांचे दिवस भरत आले होते, असें म्हणण्यास जागा आहे. पुरानें तो निकाल एका पावसाळ्यांत लावला, इतकेंच.

गोदामें बांधलीं गेलीं. त्यांत हवा खेळते, दिवे लागतात, पोत्यांच्या थप्प्या मोजतां येतात. आणि त्यांत किडाही जगतो. म्हणून तेथें विषारी वायूच्या गोळ्या ठेवून, वर ताडपत्री घालून धुरी द्यावी लागते. जें काम पेंवांत हळदीचा स्वतःचा श्वास करी, तें येथें विकत आणलेलें विष करतें. याला प्रगति म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न सोपा नाहीं. दिवा घेऊन खोल उतरणारा माणूस वांचला, ही निःसंशय प्रगतीच. पण धुरीचें काम करणाऱ्यालाही जपूनच वागावें लागतें.

सांठवणीचें हें सारें बिऱ्हाड नदीकांठ सोडून ज्या बाजूला सरकलें, तेथें कुपवाड आहे. एके काळचें शेतीचें गांव, आतां सांगली व मिरज यांच्याशीं जोडून १९९८ सालीं झालेल्या महानगरपालिकेचा तिसरा भाग, आणि औद्योगिक वसाहतीचें ठिकाण. कुपवाड नदीपासून दूर आणि उंचावर आहे. हरिपूरला जी माती थोर, ती कुपवाडला नको. येथें हव्यात त्या तीन गोष्टी: रुंद रस्ता, अखंड वीज आणि पुराची भीति नसणें. या वसाहतींत ओतशाळा आणि यंत्रांचे कारखाने तर आहेतच, पण शीतगृहेंही आहेत. ‘शीतगृह’ हा शब्द कागदावरचा. हमाल, अडते आणि शेतकरी त्याला ‘कोल्ड स्टोअरेज’ असेंच म्हणतात. त्यांत प्रामुख्यानें राहतो तो बेदाणा.

बेदाण्याची गोष्ट हळदीच्या गोष्टीची जुळी बहीण आहे. तासगांव, मिरज, कवठेमहांकाळ या कोरड्या बाजूला द्राक्षांचे मळे वाढले, आणि जीं द्राक्षें ताजीं खपत नाहींत त्यांचा बेदाणा होऊं लागला. नुसत्या उन्हांत वाळविलेलें द्राक्ष तपकिरी होतें. बाजाराला हवा हिरवट-पिवळा बेदाणा. देवाच्या प्रसादांत आणि मिठाईंत तोच शोभतो. तेव्हां द्राक्षावरचा मेणाचा पातळ थर सैल करणाऱ्या एका क्षाराच्या व तेलाच्या द्रावणांत घड बुडवून, ते सांवलींत जाळ्यांवर वाळविण्याची परदेशी रीत येथें रुजली. पाणी लौकर निघून जातें आणि रंग राहतो. पण राखलेला रंग उष्ण हवेंत पुन्हां काळवंडूं लागतो. तो वर्षभर टिकवावयाचा तर थंडी पाहिजे. म्हणून कुपवाडचीं यंत्रें रात्रंदिवस घरघरतात. चव बहुतांशीं तीच असते. सारी खटपट डोळ्याच्या समाधानासाठीं आहे. एका रंगाच्या आवडीनें मळ्यांतली रीत बदलली, वखारीची जागा बदलली, आणि शेतकऱ्याच्या खर्चाच्या वहींत भाडें व वीज यांची नवी ओळ आली.

रंगाच्या या हौसेचा घातक प्रकारही घडून गेला आहे, आणि तो हळदीचाच आहे. बांगलादेशांत १९८८ च्या पुरांत हळद भिजून निस्तेज झाली. गिऱ्हाईक पिवळीजर्द हळद मागे. तेव्हां ती चकचकीत करण्यासाठीं शिशाचें एक पिवळें रंगद्रव्य चोपडण्याची खोड तेथें लागली, असें तेथील जुन्या व्यापाऱ्यांनीं संशोधकांस सांगितलें. शिसें लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतें. कित्येक वर्षें स्त्रियांच्या व मुलांच्या रक्तांत सांपडणारें शिसें कोठून येतें हें कळेना. २०१९ सालीं अमेरिकन व बांगलादेशी संशोधकांनीं तें हळदीपर्यंत शोधून काढलें. सरकारनें तपासणी केली, दंड केले, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, आणि २०२१ पर्यंत बाजारांतल्या नमुन्यांतून शिसें नाहींसें झालें. या कामांत रसायनशाळेचें यंत्र जितकें उपयोगी पडलें, तितकेंच गिऱ्हाइकाला ‘फार पिवळी हळद घेऊं नका’ हें पटवून देणेंही उपयोगी पडलें. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणून आपल्याकडे उतावळ्या माणसाची थट्टा करतात. बाजाराचा उतावळेपणा त्याहून महाग पडतो.

हळदीच्या विद्येवरून एक खटला जगभर गाजला, त्याचीही आठवण येथें अवश्य आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपचाराचें एकस्व १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रास मिळालें. भारतांतल्या प्रत्येक घरांत हें ठाऊक होतें. पण ‘घरांत ठाऊक आहे’ हा पुरावा तेथें चालत नाहीं. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनें आव्हान दिलें, तें छापील आधारांवर. जुने ग्रंथ आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतील लेख पुढें ठेवावे लागले. १९९७ सालीं तें एकस्व रद्द झालें. आजीनें केलेला उपचार खरा ठरला, पण आजीच्या सांगण्यावरून नव्हे.

हरिपूरच्या विद्येला असा छापील आधार फारसा नाहीं. कोणती माती पारखावी, पाचट किती जाड घालावें, हळकुंड मोडतांना कोणता आवाज चांगला, दिवा किती वेळ जळला म्हणजे पुरे, हें सारें हातांत आणि कानांत होतें. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें. तोंवर बहुतेक पेंवें मिटलीं होतीं. पेंव खणणारा आणि भरणारा माणूस आतां म्हातारा झाला आहे, आणि त्याचीं मुलें कारखान्यांत किंवा गोदामांत कामास जातात. त्यांनीं तेंच करावें असें म्हणण्याचा कोणाला अधिकार नाहीं; पेंवांतलें काम सुखाचें नव्हतें. परंतु त्या म्हाताऱ्याजवळ बसून तो सांगेल तें लिहून घेणें, हें तरी सांगलीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अवघड नाहीं. एका उन्हाळ्याच्या सुटीचें तें काम आहे.

असें लिहून ठेवण्याचा उपयोग केवळ आठवणीपुरता नाहीं, हें आफ्रिकेंतील एका उदाहरणानें दिसतें. कॅमेरूनमध्यें शेतकऱ्यांची चवळी दर वर्षीं भुंगा खाऊन टाकी. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील संशोधकांनीं आणि अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं मिळून एक थैली तयार केली. विणलेल्या पोत्याच्या आंत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकींत एक. चवळी भरावयाची, हवा दाबून काढावयाची आणि तोंडें एकामागून एक पीळ देऊन बांधावयाचीं. आंतला प्राणवायु सरतो, भुंगा मरतो. विष नाहीं, वीज नाहीं. हें हरिपूरचेंच पेंव आहे. फक्त मातीच्या जागीं प्लास्टिक आलें आणि वीस फुटांचें पोट एका पोत्याएवढें झालें. या लहान होण्यानें एक मोठी गोष्ट साधली. व्यापाऱ्याचें पेंव शेतकऱ्याच्या पडवींत आलें. अशा थैल्या आतां भारतांतही मिळतात.

आणि तरी नुसत्या थैलीनें काम भागत नाहीं. महाराष्ट्रांत कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० च्या सुमारास सुरू झाली. बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवला कीं त्याच्या किंमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत रक्कम कर्जाऊ मिळते, आणि भाव येईपर्यंत शेतकऱ्याला थांबतां येतें. ती रक्कम मिळते गोदामांतल्या मालावर. पडवींतल्या थैलीवर मिळत नाहीं, कारण पडवींतली थैली पाहावयास कोणी येत नाहीं. पेंवाला जी अडचण २००४ नंतर आली, तीच येथें लहान रूपांत पुन्हां उभी आहे. त्या थैलीचें तोंड बांधण्यास हरिपूरचा हमाल लागत नाहीं, सांगलीचा अडत्या लागत नाहीं, कुपवाडची वीजही लागत नाहीं. मात्र ती किती महिने बांधलेली राहील, हें मालकाच्या कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यांत येतो, त्यावरच अजून ठरतें.